अण्णांच्या सत्तेचाळीस वह्या

वाचकाचं पत्र, थोडक्यात

लातूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलं आहे. त्यांचे वडील, घरातले अण्णा, १९६८ साली तोफखान्यात भरती झाले आणि १९९२ ला नायब सुभेदार म्हणून घरी आले. पुढची तीस वर्षं त्यांनी तालुक्याच्या गावी गुंतवणुकीचं काम केलं. आधी पोस्टाच्या योजना, नंतर म्युच्युअल फंड. मोंढ्यातल्या हमालापासून झेडपीच्या गुरुजींपर्यंत सगळे त्यांना 'मेजर' म्हणत आणि पैसा कुठं ठेवायचा ते विचारत. ते जाऊन नऊ महिने झाले.

वर्षश्राद्धाला स्मरणिका काढावी असं ताईंच्या मनात आहे, पण घरात एकमत नाही. थोरला भाऊ म्हणतो, "गणवेशातले फोटो आणि एकाहत्तरचं युद्ध एवढंच छापा, एजंटगिरी कशाला?" आई म्हणते, "माझं नाव घालू नका, मी नुसत्या सह्या केल्या." अण्णा युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत, पण त्यांनी रणगाडा पकडला होता असं गावात सांगतात. कपाटात हिशेबाच्या सत्तेचाळीस वह्या आहेत. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईनं ताळा आणि तारीख. एका वहीत तीन कुटुंबांची पानं आहेत. अण्णांच्या सांगण्यावरून त्यांनी एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या आणि संस्था बुडाली. अण्णा स्वतःच्या पेन्शनीतून त्यांना कैक वर्षं थोडेथोडे पैसे देत होते, हे घरात आत्ता कळलं. 'छापलं तर अण्णांचं नाव खराब होईल, नाही छापलं तर खोटं वाटेल,' असं ताई लिहितात. आणि फोन अजून येतात : "मेजर असते तर काय म्हणाले असते?"

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात दोन अण्णा आहेत. एक गणवेशातले. त्यांचा घराला अभिमान आहे, माहिती मात्र फारशी नाही. दुसरे वह्यांतले. त्यांची माहिती कपाटभर आहे, पण घराला त्यांचा थोडा संकोच वाटतो. भावाच्या प्रश्नामागे हाच संकोच असावा. 'फौजेतून आले आणि मग एजंट झाले' हे वाक्य आपण उतरण सांगितल्यासारखं बोलतो. मला ते पटत नाही.

तोफेवरच्या माणसाला लक्ष्य बहुतेकदा दिसतच नाही. पुढच्या निरीक्षण चौकीवरून कुणीतरी रेडिओवर गोळा कुठं पडला ते कळवतो आणि मागे बसलेले अंतर, दिशा, उंची, वारा यांचं गणित मांडतात. एक गोळा पलीकडे, एक अलीकडे पाडायचा आणि मधलं अंतर निम्मं निम्मं करत आणायचं. आकडा कागदावर उतरतो, दुसरा माणूस तो तपासतो आणि मगच तो तोफेपर्यंत जातो, कारण चुकला तर गोळा आपल्याच पोरांवर पडतो. अशा खात्यात चोवीस वर्षं काढलेला माणूस हमालाच्या शंभर रुपयांच्या आरडीलाही पानाच्या तळाशी ताळा करतो, यात मला उतरण दिसत नाही. अण्णांचं नेमकं काम तोफेवर होतं, गणितावर, रेडिओवर की गाडीवर, ते त्यांच्या डिस्चार्ज बुकात 'ट्रेड'च्या रकान्यात असेल. ते वाचल्याशिवाय या दोन आयुष्यांचा सांधा स्मरणिकेत लिहू नका.

म्हणजे आधी कागद काढायचे. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), पदकं, जुनी पत्रं आणि फोटो हे सगळं एका टेबलावर मांडा. कुठलंच घासूनपुसून घेऊ नका, पदकांना पितांबरी तर अजिबात लावू नका. भारतीय पदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट बारीक अक्षरांत कोरलेलं असतं. ताऱ्याच्या आकाराचं पदक, म्हणजे स्टार, असेल तर ते मागच्या बाजूला बघा. घासून घासून ही अक्षरं जातात, आणि तुमच्याकडचा सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. भिंग घ्या, पदक उजेडात तिरकं धरा, वाचा, उतरवून घ्या. कड कोरीच असेल तर ते बहुधा नंतर बाजारातून घेतलेलं आहे. मूळ पदक हरवलं की बरेच सैनिक असं करतात, त्यात वाईट काही नाही.

आता कुठलं पदक काय सांगतं. १९६८ ची भरती आणि १९९२ ची निवृत्ती धरली तर नऊ वर्षांचं दीर्घ सेवा पदक १९७७ च्या सुमाराचं, वीस वर्षांचं १९८८ च्या सुमाराचं. १५ ऑगस्ट १९७२ ला सेवेत असलेल्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक होतं. एकाहत्तरसाठी पूर्वी स्टार असेल तर अण्णा बांगलादेशच्या बाजूला होते, पश्चिमी स्टार असेल तर पाकिस्तानच्या पश्चिम सीमेकडे. नुसतं संग्राम मेडल असेल तर तेवढ्यावरून ते प्रत्यक्ष आघाडीवर होते असं म्हणता येत नाही, कारण ते फार मोठ्या क्षेत्रातल्या सेवेला मिळालं होतं. आणि यांपैकी एकही शौर्यपदक नाही. स्मरणिकांमध्ये सर्रास होणारी चूक हीच : छातीवर पाच पदकं दिसली की खाली 'पाच शौर्यपदकांनी सन्मानित' असं छापून मोकळे होतात. शौर्यपदकाची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, ती लपून राहत नाही. नुसतं 'सेवापदकं' लिहिलं म्हणून अण्णा लहान होत नाहीत. उलट उद्या एखादा निवृत्त सुभेदार स्मरणिका हातात घेईल, तेव्हा त्याला पहिल्याच पानावर खोट सापडू नये.

'मेजर'चंही तसंच. आपल्याकडे गावात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. पण मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे, म्हणून मुखपृष्ठावर नायब सुभेदार लिहा. आत एका वाक्यात सांगा की गाव त्यांना मेजर म्हणायचं. त्या हाकेचा मान वेगळा, तो गावानं दिलेला.

पत्रांवरचे पत्ते बघा. ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर पत्र उत्तर-पश्चिमेकडच्या पोस्टिंगचं, ९९ एपीओ असेल तर पूर्वेकडचं. शिक्क्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक आणि तारीख असते. डिसेंबर १९७१ चं एखादं अंतर्देशीय पत्र सापडलं आणि त्याचा एपीओ पदकाशी जुळला, तर तेवढा एक ताळा जमला. फोटो अल्बममधून उचकटू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करा, सोलायला गेलात तर चेहराच काचेवर राहतो. ६०० डीपीआय पुरे. सुटे फोटो मागूनही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलनं लिहिलेलं गाव तिथंच असतं.

सेवेचा तपशील हवा असेल तर अर्ज नाशिक रोड कॅम्पच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सला करायचा. (इतर वाचकांसाठी : मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आहे.) अर्ज आईंच्या सहीनं जाऊ द्या, तुमच्या नको. रेकॉर्डमध्ये पत्नी म्हणून नाव त्यांचं आहे, आणि मुलगा-मुलगी लिहितात तेव्हा नातं सिद्ध करण्यातच महिना जातो. आर्मी नंबर, हुद्दा, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक लिहा. मृत्यूचा दाखला आणि आईंच्या ओळखपत्राची प्रत जोडा. मागणी नेमकी ठेवा : कोणकोणत्या युनिटमध्ये कधी ते कधी, कोणते कोर्स, कोणती पदकं. 'सर्व माहिती द्यावी' असं लिहिलेल्या अर्जाला कुणी हात लावत नाही. अर्ज लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर पाठपुरावा सोपा जातो. तिथं जाणारच आहात तर कुटुंब निवृत्तिवेतन आणि 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवरचा हयातीचा दाखला नीट आहे ना, तेही विचारून घ्या. उत्तर तीन महिन्यांत येईलच असं धरू नका. युनिट कळलं की त्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप असतात, तिथं एखादा फोटो टाका. पन्नास वर्षांनी चेहरा ओळखणारे लोक निघतात.

रणगाड्याची गोष्ट कागदावर कुठंच मिळाली नाही तर? तर ती छापू नका. 'गावात अशी एक गोष्ट सांगतात' असंही लिहू नका, छापलेल्या कागदावर ती वर्षभरात इतिहास होते. अण्णा पन्नास वर्षं गप्प राहिले ते का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या गप्प बसण्याच्या जागी आपण पराक्रम भरू नये आणि दुःखही भरू नये. 'युद्धाबद्दल ते घरात बोलले नाहीत' हे एवढं वाक्य खरं आहे, पुरेसं आहे.

आता वह्या. माझ्या मते स्मरणिकेचा जीव इथं आहे.

ताई, तुम्ही लिहिलंय की अण्णांनी पोस्टाचं काम सुरू केलं, 'आरडीचं लायसन मात्र नावापुरतं आईच्या नावावर होतं'. हे 'नावापुरतं' मला खटकलं. पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजन्सी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेत येते आणि ती फक्त बाईलाच मिळते. १९७२ पासूनची ही योजना आहे. अण्णांना ती मिळूच शकली नसती. त्यांच्या नावावर होती ती दुसरी, प्रमाणित एजन्सी : बचतपत्रं, किसान विकास पत्रं, मासिक उत्पन्न योजना यांची. म्हणजे दर महिन्याला दारोदार फिरून गोळा होणारा पैसा कायद्यानं आईंच्या जबाबदारीवर होता. खातेदाराकडं असायचं ते अस्लास कार्ड एखाद्या जुन्या ग्राहकाकडून मागून घ्या आणि नीट बघा. महिना, रक्कम, आणि पैसे मिळाल्याची सही. ती सही आईंची आहे. साठ महिने, साठ सह्या. पोस्टात भरणा व्हायच्या आधी खातेदाराकडं पावती म्हणून तेवढंच असायचं. एक रक्कम इकडची तिकडे झाली असती तर जाब आईंना द्यावा लागला असता, अण्णांना नाही. 'मी नुसत्या सह्या केल्या' असं त्या म्हणतात तेव्हा त्या स्वतःचं काम कमी करून सांगताहेत. तुम्ही ते तसंच छापू नका. पायपीट अण्णांनी केली असेल, किंवा बायकांच्या घरी आईच गेल्या असतील. विचारा त्यांना. गल्ल्या कोणत्या, तारीख कोणती, हप्ता चुकणारी घरं कोणती, हे त्यांना तोंडपाठ असेल.

भाऊ 'एजंटगिरी' म्हणतो त्याला उत्तरही वह्यांतच आहे. अण्णांना कमिशन मिळत होतं, ते लपवायचं कारण नाही. आरडीवर ४ टक्के, म्हणजे शंभराच्या हप्त्यामागे चार रुपये. बचतपत्रांसारख्या योजनांवर १ टक्का होतं, ते १ डिसेंबर २०११ पासून अर्धा टक्का झालं. त्याच दिवसापासून पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक बचत योजनेवरचं कमिशन पूर्ण बंद झालं. आता एक काम करा. २०१२ नंतरच्या वह्या काढा आणि पीपीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजनेच्या नोंदी मोजा. ज्यातून एक पैसा सुटत नव्हता त्या योजनेत अण्णा तरीही लोकांना पाठवत होते का? म्युच्युअल फंडातही असंच बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजार आणि फंडांवरच्या नियामकानं, एंट्री लोड बंद केला आणि गुंतवणूकदाराच्या पैशातून आधीच कापून मिळणारं कमिशन गेलं. त्यानंतर अण्णांनी छोट्या रकमांची माणसं सोडली, की पाचशेच्या एसआयपीचीही नोंद चालू ठेवली? या नोंदी मिळाल्या तर 'अत्यंत प्रामाणिक व निःस्वार्थी व्यक्तिमत्त्व' हे शब्द लिहायची गरजच उरणार नाही. नाही मिळाल्या तर ते शब्द तसेही लिहू नका.

एक शब्द मात्र जपून वापरा : 'गुंतवणूक सल्लागार'. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार ही नोंदणीकृत, सल्ल्याची फी घेणारी वेगळी जमात आहे. एआरएन, म्हणजे वितरकाचा नोंदणी क्रमांक, घेऊन फंड विकणारा तो वितरक. स्मरणिकेवर कुणी खटला भरणार नाही, पण 'अल्पबचत अभिकर्ता आणि म्युच्युअल फंड वितरक' हे अण्णांच्या कामाचं खरं नाव आहे. लोक सल्ला विचारत, हे त्याखाली येऊ द्या.

वह्यांतलं छापायचं किती? एखाद्या पानाचा फोटो जरूर घ्या, लाल शाईचा ताळा दिसला पाहिजे. पण नावं, खातेक्रमांक, फोलिओ, पॅन, रकमा झाकून, आणि झाकायच्या त्या कागदाची पट्टी ठेवून फोटो काढायच्या आधी. कॉम्प्युटरवर काळी पट्टी ओढली आणि फाइल पीडीएफ म्हणून फिरली तर पट्टीखालचं पुष्कळदा दिसून येतं. वारसदाराचा रकाना सगळ्यात नाजूक. कुणी बायकोला न सांगता बहिणीच्या नावे ठेवलं असेल, कुणी एका मुलाला वगळलं असेल. अण्णांनी पोटात ठेवलं ते तुम्ही स्मरणिकेत उघडं करू नका. ज्यांचं नाव घ्यायचं त्यांची लेखी संमती घ्या, दोन ओळींची चालेल.

आणि छापण्याआधी वह्यांचं दुसरं एक काम आहे, ते आठवणीपेक्षा तातडीचं. अण्णांच्या नोंदींत मुदत संपलेली पण कुणी न वटवलेली बचतपत्रं असू शकतात. मुदतीची तारीख आहे आणि पुढं 'दिले' अशी खूण नाही, अशा नोंदींची वेगळी यादी करा. त्या-त्या घरी जाऊन फक्त त्यांचीच नोंद दाखवा. पोस्टाचं असेल तर ज्या पोस्टातून पत्र घेतलं तिथं जायचं. बँकेतली विसरलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर शोधता येते, पडून राहिलेले म्युच्युअल फंड सेबीच्या 'मित्र' सुविधेत. चालू आरडीच्या खातेदारांना सांगा की हप्ता थेट खिडकीवर भरता येतो. चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं आणि ते पुन्हा चालू करायला पुढं दोनच महिने मिळतात. आईंची एजन्सी अजून त्यांच्याच नावावर असेल. चालवायची की परत करायची हे त्यांनी ठरवावं, पण मधल्या मध्ये लोंबकळत ठेवू नये. अण्णांचा एआरएन मात्र वारशानं चालवता येत नाही. मृत्यूची माहिती अँफीला, म्हणजे म्युच्युअल फंडांच्या संघटनेला, कळवा आणि नॉमिनीची नोंद असेल तर कमिशनबद्दल तिथंच विचारा.

फोनवर काय सांगायचं, तेही याच हिशेबानं ठरवा. 'अण्णा काय म्हणाले असते' याचं उत्तर तुम्ही देऊ नका. अंदाज बरोबर आला तरी तो त्या माणसाच्या आजच्या वयाचा, आजच्या कर्जाचा विचार करून आलेला नसतो. आणि चुकला तर तो अण्णांच्या नावावर जातो. एवढंच म्हणा : "काका, मला त्यातलं कळत नाही. तुमची नोंद वहीत आहे, ती उतरवून देते. पुढचं एआरएन असलेल्या किंवा सेबीची नोंदणी असलेल्या माणसाला विचारा." पुढं कुणाचं नाव सुचवायचा मोह होईल. सुचवू नका.

आता ती तीन पानं.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. सगळं वगळायचं. आईला आणि भावाला त्यातच शांतता वाटेल. पण तालुक्याच्या गावात ही गोष्ट ज्यांना माहीत आहे ते स्मरणिका उघडून आधी तीच शोधतील, आणि ती तीन घरंही वर्षश्राद्धाच्या पंगतीला असतील. दुसरी वाट, सगळं नावानिशी छापायचं. ते तर त्या कुटुंबांवर अन्याय होईल. त्यांचं बुडालेलं, त्यांनी घेतलेलं, दोन्ही गावापुढं येईल. मी तिसरी वाट घेईन : आधी त्या तिन्ही घरी जायचं. रिकाम्या हातानं नाही, त्यांच्या पानाची प्रत घेऊन. ठेवीची तारीख, रक्कम, पावती क्रमांक अण्णांनी लिहून ठेवलेला असेल. संस्थेवर अवसायक (बुडालेल्या संस्थेचा हिशेब मिटवणारा अधिकारी) नेमला असेल किंवा ठेवीदार संरक्षणाच्या १९९९ च्या राज्य कायद्याखाली प्रकरण चालू असेल, तर त्यांना हा तपशील कामाला येईल. मग विचारा, नाव न घेता हे लिहिलं तर चालेल का. एकही घर नको म्हणालं तर लिहू नका. त्यांनी होकार दिला, तर साधं लिहा, असं काहीसं :

'अण्णांनी सांगितलं म्हणून काही जणांनी एका पतसंस्थेत ठेवी ठेवल्या. संस्था बंद पडली, पैसे अडकले. अण्णांनी नंतर स्वतःच्या पेन्शनीतून त्यांना जमेल तसे पैसे दिले. किती दिले, किती राहिले, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलं आहे.'

एवढंच. 'त्यांचा विश्वासघात झाला' नको, 'दैवाची इच्छा' नको. संस्थेचं, संचालकांचं नाव नको, त्यातून बदनामीचा दावा उभा राहू शकतो. चूक काय झाली हे मात्र एका ओळीत सांगता येईल आणि ते वाचणाऱ्याच्या उपयोगाचं आहे : पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, पूर्वी १ लाखाचा, ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांचा. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाहीच. बँकेपेक्षा तीन-चार टक्के जास्त व्याज दिसलं की लोक विचारत नाहीत हे पैसे कर्जाऊ कुणाला जाताहेत. अण्णांनीही तेव्हा विचारलं नसावं. आणि तुमच्या मनात एक धास्ती असेल तर : वडिलांनी स्वखुशीनं दिलेल्या पैशांमुळं राहिलेली रक्कम आपोआप तुमच्यावरचं कर्ज होत नाही. कुठं स्टँप पेपरवर लिहून दिलेलं सापडलं तर तेवढं वकिलाला दाखवा.

'नाव खराब होईल' हा विचार पुन्हा एकदा तपासून बघा. ती वही अण्णांनी जाळली नाही. सत्तेचाळिसांत ओळीनं ठेवली, तिच्याही पानांवर ताळा केला.

लोकांच्या मुलाखती घ्याल तेव्हा 'अण्णा कसे होते?' विचारू नका. उत्तर ठरलेलं येतं, देवमाणूस. विचारा, पहिल्यांदा किती रुपये ठेवले, कशासाठी, ते पैसे कधी मोडले? येताना जुनं पासबुक आणायला सांगा, पासबुक हातात असलं की माणूस नेमकं बोलतो. आपल्याकडं लोक सालं सांगत नाहीत, घटना सांगतात, म्हणून एक तक्ता जवळ ठेवा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३. 'यूएस ६४ अडकली' (युनिट ट्रस्टची योजना) म्हणजे जुलै २००१. 'रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा' म्हणजे २०१६. नोटबंदी त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला. भूकंपाच्या वेळी अण्णांना घरी येऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं. त्या महिन्यांत त्यांनी काय केलं, कुणाची बचतपत्रं ढिगाऱ्याखाली गेली, दुय्यम प्रती काढायला कुणाला मदत केली, हे विचारायला विसरू नका. आठ-दहा माणसं पुरेत, त्यांत निम्म्या बाया असू द्या. आरडीची खाती बहुतेक त्यांचीच असणार.

छपाईचं थोडक्यात. पानं चारच्या पटीत लागतात, ३२ पुरतील. अक्षर १४ पॉइंटच्या खाली नको, वाचणारे सत्तरीचे आहेत. डीटीपीवाले तुमचा मोबाइलवरचा युनिकोड मजकूर जुन्या फाँटमध्ये ओततात तेव्हा जोडाक्षरं फुटतात, रफार उडतात आणि आकडे इंग्रजी होतात. प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर काढून वाचा. आर्मी नंबर आणि तारखा दोघांनी मिळून, एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडायचं.

वर्षश्राद्धाला तीन महिने आहेत आणि तेवढ्यात हे सगळं होणार नाही. त्या दिवशी चार पानी घडीपत्रक द्या : एक फोटो, सेवेचा काळ, कामाचा काळ, आणि 'अण्णांबद्दल सांगण्यासारखं किंवा दाखवण्यासारखं काही असेल तर कळवा' अशी विनंती. पूर्ण स्मरणिका २८ सप्टेंबरला काढा, तो तोफखान्याचा गनर्स डे असतो. भावाला ही तारीख आवडेल. नाशिक रोडचा पाठपुरावाही त्यालाच द्या, त्याला गणवेशातले अण्णा हवे आहेत ना, त्यानंच शोधून आणावेत.

आणि या रविवारी आईंजवळ एक जुनं अस्लास कार्ड घेऊन बसा. अण्णांचं काही विचारू नका. त्यांना विचारा, ही पहिली सही केली तेव्हा हातात किती पैसे होते आणि ते कुणी दिले होते.